बांगडीवरची फुली

"हात सैल सोड, माझे बाई."

असं म्हणत ती समोरच्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची. बोटं गोळा करायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, आणि बाई सासूचं गाऱ्हाणं सांगण्यात गुंतलेली असतानाच काचेची बांगडी सरकन मनगटात गेलेली असायची. अशा कासारणी तुम्हीही पाहिल्या असतील. ही मात्र नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, म्हणून हिच्याबद्दल लिहिते आहे.

पनवेलच्या बाजारात तिची आणि माझी जागा शेजारी शेजारी. मी पोहे-कुरमुरे विकायचे, ती बांगड्या. दुकान म्हणायला एक लाकडी कपाट आणि वर ताडपत्री. तिचा नवरा मागे बसून गवतात बांधून आलेल्या बांगड्या सोडवायचा. तो इतका कमी बोलायचा की नवी गिऱ्हाइकं त्याला मुका समजत. बोलायचं काम तिच्याकडे होतं आणि ते ती दोघांच्या वाटचं करायची.

माझे मालक लवकर वारले. त्यामुळे मी तिची गिऱ्हाईक कधी झालेच नाही. ती माझ्याकडून पोहे घ्यायची, मी तिच्याकडून काही घेत नसे. साऱ्या बाजारातल्या बायकांचे हात तिने धरले, माझा धरला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. रीतच तशी होती, आणि मी काही रीत बदलायला बाजारात बसले नव्हते.

तर मुद्द्याची गोष्ट. आमच्या त्या बाजारात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं. बायकांनी सकाळी घरून जे उरकून यायचं ते यायचं, नंतर दुपारी घरी जाईपर्यंत दात-ओठ आवळून बसायचं. म्हणून आम्ही कोणी पाणीच पीत नव्हतो. घसा कोरडा पडला की खडीसाखर तोंडात धरायची. उरणहून येणारी एक मासळीवाली होती, ती अंधारात घर सोडायची. ती म्हणायची, "आमी दर्याच्या काठची मानसं, नि दिसभर कोरडी."

कासारणीला मूतखडा झाला. डॉक्टरने सांगितलं, भरपूर पाणी प्या. ती त्याला म्हणाली, "पिते की. घालवू कुठं, तेवढं लिहून द्या." ही गोष्ट तिने स्वतः सगळ्या बाजाराला सांगितली. लाज नावाची वस्तू तिच्याकडे फार नव्हती. थोडी असेल ती नवऱ्याकडे ठेवायला दिलेली.

नव्वदच्या पुढची गोष्ट आहे. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. कालपर्यंत ज्यांच्या बायका दारात दिसत नव्हत्या, त्यांच्या बायकांचे फोटो भिंतीवर लागले. एका पुढाऱ्याने बायकोला उभं केलं. फलकावर तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि त्याचा दारासारखा. ते पाहून कासारीण म्हणाली, "मी पण उभी राहते."

मी म्हटलं, "तुला काय करायचंय नगरपालिकेत?"

"मुतारी."

"आणि?"

"आणि काय? आधी ती होऊ दे."

मी हसले नाही. सकाळपासून मीही पाणी प्यायले नव्हते.

बाकीचे उमेदवार पनवेलचं सिंगापूर करायला निघाले होते. रुंद रस्ते, कारंजी, बागा. हिच्या सभेत एकच गोष्ट. सभा म्हणजे काय, भाजीच्या दोन हातगाड्या बाजूला सारून मध्ये एक स्टूल. एका शिकलेल्या गृहस्थांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, मुतारी असं चारचौघांत बरं दिसत नाही. स्वच्छतागृह म्हणा."

ती म्हणाली, "भाऊ, एवढा लांब शब्द म्हणून होईपर्यंत माझी बाई थांबेल का?"

उरणची मासळीवाली टोपलीवर हात आपटून हसली. "नाय थांबणार! अजिबात नाय थांबणार!" ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

निशाणी घ्यायला ती नवऱ्याला आणि मला घेऊन गेली. साहेबांनी चित्रं पुढे ठेवली. शिडी, पतंग, शिलाई मशीन, बांगड्या. बांगड्यांचं चित्र बघून ती खुर्चीतून अर्धी उठलीच. "हे माझं!" नवरा त्या दिवशी बोलला. म्हणाला, "मशीन बरं." ती म्हणाली, "तुम्ही गवत सोडा. निशाणी मी बघते." झालं. बांगड्या हिला मिळाल्या आणि मशीन दुसऱ्या एका बाईला गेलं. ती बाई कोण, कुठली, हे आम्हाला निवडणूक संपेपर्यंत नीट कळलं नाही.

पुरुषांना निशाणी झोंबली. एक धान्यवाला शेठ माझ्यासमोर तिला म्हणाला, "आम्ही पुरुषांनी बांगड्यांवर शिक्का मारायचा होय? उद्या हातात पण भराल."

ती म्हणाली, "शेठ, आईने तुम्हाला मांडीवर घेऊन थोपटलं, तेव्हा तिच्या हातात काय होतं? बेड्या?"

शेठ हसला. त्याने मत दिलं की नाही देव जाणे. पण त्याच्या घरच्या बायकांनी पुढच्याच सणाला सगळ्यांच्या बांगड्या हिच्याकडून भरल्या.

प्रचार तिने हातोहात केला. बाईचा हात हातात घ्यायचा, बांगडी चढवता चढवता मुतारीचं सांगायचं, आणि शेवटी "विसरायचं नाही, माझे बाई" म्हणायचं. बांगड्या भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करायची पद्धत आहे. बायका नमस्कार करायच्या तेव्हा ती म्हणायची, "नमस्कार कपाटात ठेव. मत दे." विरोधकांनी बोंब मारली की कासारीण फुकट बांगड्या वाटते. ती आणि फुकट! सख्ख्या बहिणीलासुद्धा तिने एक बांगडी कमी भावात दिली नव्हती.

खारघरकडे नुकत्या उठलेल्या इमारतींतून एक नोकरीवाली बाई आमच्या बाजारात यायची. ती म्हणाली, "अहो, आमचं मत इथे नाही, नाहीतर तुम्हालाच दिलं असतं." कासारीण म्हणाली, "मत नाही तर नाही. मुतारी झाली की तुम्ही पण या. तिथे वॉर्ड विचारणार नाहीत."

मतदान झालं. बायका रांगा लावून आल्या, नटून आल्या. बाहेर पडताना जी ती हिच्याकडे बघून मान हलवायची. आम्हाला वाटलं, जिंकलो. मासळीवालीने तर नारळ आणून ठेवला.

मतमोजणीला उमेदवाराचं एक माणूस आत बसू देतात. तिने मला बसवलं. मी चौथी पास. मोजायला तेवढं पुरतं.

त्या वेळी कागदावर मत द्यायचं असे. चिन्हांची उभी रांग असायची आणि पसंतीच्या चिन्हावर रबरी शिक्का मारायचा. शिक्क्याची खूण म्हणजे फुली. तर मी बसले होते आणि साहेब कागद उलगडत होते. बांगड्यांवर फुली, चांगलं. पुढाऱ्याच्या बायकोवर फुली, बरं. आणि मग असे कागद यायला लागले की माझ्या काही ध्यानातच येईना. फुली बांगड्यांवर नव्हती. बांगड्यांच्या खाली होती. अगदी जवळ, अगदी नीट मारलेली, पण बांगड्यांना न लावता. कुठे नेमकी रेघेवर, कुठे रेघ ओलांडून खालच्या घरात. रेघेवरचा कागद आला की साहेब म्हणत, "बाद." खालच्या घरात शिलाई मशीन होतं. ते मत मशीनला.

बादची थप्पी वाढत गेली. मशीनवाली बाई, जिला तिच्या गल्लीत कोणी ओळखत नव्हतं, तिला भलतीच मतं पडली. लोकांचं आपल्यावर प्रेम आहे असं ती आजही समजत असेल.

कासारीण पडली. थोडक्यात पडली. ती बादची मतं तिच्या नावावर असती तर गुलाल तिचा होता.

बाजारात येऊन मी आमच्या ओळीतल्या भाजीवालीला धरलं. ही माहेरची करंजाड्याची, राहायला आमच्याच वॉर्डात, तोंडाने साधी. "काय गं, शिक्का कुठे मारलास?"

"बांगड्यांच्या खाली."

"खाली का? वर मारायचा ना!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "बांगडीवर फुली मारू? नवरा हाय ना माजा!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, त्या ह्या बायका. त्यांच्या हातात शिक्का दिला आणि सांगितलं, हिरव्या चुड्यावर काट मारा. कोण मारेल? मत द्यायचं होतं, मनापासून द्यायचं होतं. पण आपल्या सौभाग्यावर काट मारून नाही. म्हणून प्रत्येकीने आपापल्या अकलेने जरा सरकून मारला. एकीने दुसरीला सांगितलं नाही. जिला तिला आपलं एकटीलाच सुचलं.

मी कासारणीला हे सांगितलं. ती गप्प झाली. तिला गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग मला शंका आली.

"तू गं? तू कुठे मारलास?"

ती कपाटातल्या बांगड्या सारख्या करायला लागली. "मी पण जरासा खालीच."

मागून नवऱ्याने गवताची पेंढी खाली ठेवली आणि तो हसला. नुसता हसला नाही, लोळला. मग मी हसले. मग तीही. मासळीवाली नारळ परत न्यायला आली होती, ती आमच्याकडे बघून म्हणाली, "पडली का जिकली गो ही?"

हसून झाल्यावर कासारीण डोळे पुसत म्हणाली, "मग बांगडीवर बरोब्बर मारला तरी कोणी?"

मी म्हटलं, "काही पुरुषांनी. आणि आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही विधवा. आम्हाला कसली भीती? आमचं व्हायचं ते होऊन गेलं."

ती म्हणाली, "हात बघू तुझा." आणि धरलाच. बोटं गोळा केली, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, सवयीने. "मऊ आहे की गं. बांगडी झटकन गेली असती."

"आता कुठे घालतेस," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला. गिऱ्हाईक उभं होतं.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. ती काही संपवणारी बाई नव्हती. निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या बायकोकडे मुलीचं लग्न निघालं. चुडा भरायला गावातली कासारीण लागतेच. हिला बोलावणं आलं. मांडवाचे पोहे माझ्याकडचे होते, म्हणून मीही तिथे होते.

मुलीच्या बांगड्या भरून झाल्या, वऱ्हाडातल्या बायकांच्या झाल्या, आणि शेवटी नगरसेविका बाई हात पुढे करून बसल्या. हात भरदार. कासारणीने बांगडी हाडापर्यंत नेली आणि तिथेच थांबवली. पुढेही नाही, मागेही नाही.

"अहो कासारीणबाई, दुखतंय!"

"दुखणारच. बाजारातल्या बाया रोज एवढ्या दुखण्यात बसतात. मुतारीचं काय केलंत?"

"माझ्या हातात आहे का ते? यांना विचारावं लागतं."

"मग यांना बोलवा. त्यांचा पण हात धरते."

सगळ्या बायका हसल्या. पुढारी दाराआड उभा होता, तोही हसला असावा, कारण दार हललं. बाई कळवळून म्हणाल्या, "करते, करते! देवाशपथ करते!" बांगडी आत गेली.

त्यांनी शब्द पाळला, हे मी खोटं सांगणार नाही. लगेच नाही. मध्ये बरेच सण गेले, आणि प्रत्येक सणाला कासारीण त्यांच्या दारात हजर होती. शेवटी बाजाराच्या मागच्या भिंतीला लागून विटांचं बांधकाम उभं राहिलं. पाण्याची टाकी बसली.

उद्घाटनाला मांडव, हार, भाषणं. एकामागून एक माणूस बायकांच्या सन्मानावर बोलत होता आणि बायका पाय चोळत उभ्या होत्या. कासारणीला मांडवात खुर्ची नव्हती. ती मागे, फितीच्या आतल्या अंगाला गेली आणि तिने दार उघडलं. पहिली मासळीवाली गेली, मग भाजीवाली, मग रांगच लागली. मांडवात टाळ्या वाजत होत्या तेव्हा कासारीण बाहेर सगळ्यांच्या टोपल्या राखत उभी होती. एका हाताने कावळे हाकलत होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "सावकाश जा, माझे बाई. आज घाई नाही."

मीही गेले. आणि आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले.

पुढे ती गेली. दुखणं झालं, फार लांबलं नाही. नवरा मुलीकडे राहायला गेला. तिच्या जागेवर आता प्लास्टिकच्या बादल्या विकणारा बसतो. माणूस बरा आहे, पण बोलत नाही.

मुतारीच्या भिंतीवर दगड बसवलेला आहे. त्यावर निवडून आलेल्या बाईंचं नाव आहे, त्याच्या वर त्यांच्या मालकांचं, आणि खाली आणखी बऱ्याच जणांची. कासारणीचं नाही. दगड वाचायला तिथे कोणी थांबतही नाही. बाजारातली बाई टोपलीवर फडकं टाकते, उठते आणि शेजारणीला म्हणते, "बघ गं जरा इकडे. कासारणीकडे जाऊन येते."