बदलापुढं अक्कांचं नाव

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसात चाचणीचा कम्प्युटर एकच. एक उठला की दुसऱ्यानं बसायचं. अशाच पाळ्या लावून आम्ही एका नर्सिंग होमच्या लॅबसाठी ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअर तपासून दिलं. कुणी काही बदललं की त्यापुढं त्याचं नाव आपोआप उमटायचं, आणि त्याचाच आम्हाला कोण तोरा!

एके दुपारी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. कम्प्युटरवर एका पेशंटचा रक्तगटच बदलला गेला होता. बाटली लावण्याआधी रक्त पुन्हा जुळवून बघितलं, म्हणून निभावलं. बदलापुढं नाव होतं लॅबमधल्या अक्कांचं. अक्का बेळगावकडच्या. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी दिसले की त्यांना कोण आनंद व्हायचा. त्या दिवशी मात्र मी तिथं पोचले तेव्हा पांढऱ्याफटक पडून लॅबच्या दारातच उभ्या होत्या.

"मी नाही हो केलं. आजच राजीनामा द्या म्हणतायत."

"कम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" डॉक्टर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन मी सॉफ्टवेअरचा, नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसशी बोलणारा भाग उघडला. आत्ता कोण काम करतंय, हे तिथं सगळ्यांचं मिळून एकाच जागी ठेवलेलं. शेवटी जो लॉगिन करेल त्याचं नाव तिथं बसणार, आणि मग कुणीही काहीही बदललं तरी तेच उमटणार. आमच्याकडं एका वेळी दोघं कधी बसलेच नव्हते, तर कळणार कसं, कप्पाळ!

मी डॉक्टरांना शेजारी उभं केलं आणि माझ्या नावानं लॉगिन केलं. मग अक्कांना पलीकडच्या कम्प्युटरवर त्यांच्या नावानं करायला सांगितलं. "आता हात मांडीवर ठेवा. कशाला म्हणून शिवू नका."

इकडं मी एका खोट्या पेशंटचा रक्तगट बदलला. पुढं नाव उमटलं अक्कांचं. त्यांचे हात मांडीवरच होते.

"सरी," ठीक आहे, डॉक्टर कानडीत एवढंच म्हणाले आणि राजीनाम्याचं बोलणं तिथंच मिटलं. मला हायसं वाटलं. अक्का मात्र दाराकडं बघत होत्या. बाहेर रोजचीच माणसं ये-जा करत होती.

"मग कुणी केलं?"

"ते कुठंच राहिलेलं नाही, अक्का. आता कळायचं नाही."

त्यांनी उठून खुर्ची फिरवली, पाठ भिंतीला लागेल अशी, आणि पुन्हा बसल्या.

"म्हणजे ते माणूस उद्या सकाळी येणार," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मलाच विचारणार, अक्का, नाश्ता झाला का?"