उजव्या खांद्यातली टिकटिक

५ नोव्हेंबर. वेचणीच्या ओट्या धुऊन दोरीवर टाकायच्या होत्या. ओटी म्हणजे कमरेला बांधायची कापडी झोळी. कापूस वेचायचा आणि तिच्यात टाकत पुढे जायचं. दोरी डोक्याच्या वर, आणि माझा उजवा हात दुखण्यामुळे छातीच्या वर जाईना. मी डाव्या हातानं एकेक ओला पिळा भिरकावला. सासूबाई बाजेवरून पाहत होत्या.

"काहून ढेकळं फेकल्यावानी फेकून राह्यली वं?"

"पडले ना दोरीवर? मंग झालं, आत्याबाई."

"उद्या सीतादही आहे. कापसाले असे हात नाही चालत."

खांदा उन्हाळ्यापासून आखडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, साखर तपासली आणि सांगितलं, सुटेल, पण वर्षही लागेल. कापूस वर्षभर थांबत नाही. आमच्या घरची रीत अशी: पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून जी कापसाची पूजा, म्हणजे सीतादही, करते, तिनं पहिली ओळ एकटीनं वेचून संपवायची. झाडं छातीच्या वर गेलेली असतात, आणि शेंड्याची बोंडं हात उचलल्याशिवाय मिळत नाहीत. मला ओळ झेपली नाही तर सीतादही जावेकडे जाणार होतं. ते मला नको होतं. याहून मोठं कारण मी सांगू शकत नाही.

म्हणून दसऱ्यानंतर मी आठवड्यातून दोनदा एसटीनं यवतमाळला एका डॉक्टरबाईंकडे जात होते. त्या बारीक सुया टोचतात आणि सुयांना चिमट्यांनी तारा जोडून हलका करंट सोडतात. याला इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. सासूबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्यासाठी यवतमाळ कायले? धुऱ्यावर डुकरांची झटका मशीन आहे. ठेव तारेवर हात. डुक्कर पळते तसं तुह्यं दुखणं पळंल."

मी हसले, पण चूक तीच केली. रानडुकरांसाठी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तारेला लावलेल्या मशीनची पारख आमच्याकडे झटक्यावरूनच होते. हात झणझणला तर माल चांगला. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "जाणवतंय?"

"वाढवा."

"आता?"

"अजून वाढवा."

दात आवळून पडून राहिले. पुढचे दोन दिवस हात ठणकत होता. पुढच्या खेपेला खरं सांगितलं, मशीनसकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डुकराला घाबरवायचं असतं, ताई. तुमच्या स्नायूला झोप आली पाहिजे."

मी स्वप्नं पाहणारी बाई नाही. पण त्या खेपेपासून त्या खोलीत काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. ५ तारखेला ओट्या वाळत टाकून मी दुपारची एसटी धरली, तेव्हाही तेच झालं. खांद्यावर चार सुया, हातावर दोन आणि एक पायाच्या नडगीला. खांद्यासाठी पाय कशाला, असं मी मागे विचारलं होतं. "बल्ब वर असतो, बटण भिंतीवर," एवढंच उत्तर मिळालं. मग करंटच्या खोक्याचं बटण फिरलं आणि खांद्यात टिकटिक सुरू झाली. दुखणं नाही, आतून कुणी बोटानं हळूच दार वाजवावं तसं. मांस आपलं आपण उडत होतं. मी पाहत होते आणि तो हात माझा वाटत नव्हता. पडदा पांढरा, भिंत पांढरी. पंख्याचा वारा यायचा आणि पांढरं हलायचं. मग ते शेतच होतं. मी त्यातून चालत होते, पायांना ढेकळं लागत नव्हती, आणि बोंडं आपणहून खाली वाकत होती. ओटी भरत होती पण जड होत नव्हती. कुणीतरी पुढे वेचत चाललं होतं, पाठमोरं. हाक मारावी असं वाटलं नाही. वीस मिनिटं झाली म्हणून डॉक्टरबाईंनी सुया काढल्या, तेव्हा ओठाच्या कडेला लाळ आली होती. पदरानं पुसली.

फायदा काय, ते सरळ लिहिते. सुयांनी माझा खांदा सुटला नाही. दुखणं दीड-दोन दिवस उतरायचं, त्या कुशीवर झोप लागायची, आणि तेवढ्या वेळात व्यायाम जमायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज थोडं वर. खांदा सुटत होता तो त्यानं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. छातीत पेसमेकर असलेल्यांना त्या करंट लावत नाहीत. सुया दर वेळी नव्या पाकिटातल्या, हे मी स्वतः पाहून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहीभात ठेवला, ओटी बांधली आणि ओळीत शिरले. जाऊ बांधावरून म्हणाली, "जमंल का वं? नाही तर दे इकडं."

"तू पाणी आण," मी म्हणाले.

खालची बोंडं दोन्ही हातांनी वेचली. शेंड्याच्या बोंडांपर्यंत उजवा हात गेला, सावकाश, पण गेला. शेवटी शेवटी हात वर राहीना, तेव्हा फांदी डाव्या हातानं वाकवून उजव्या हातानं बोंड काढलं. बाकीच्या बाया तिसऱ्या ओळीत पोचल्या तेव्हा माझी पहिली संपली. दुसरी ओळ मी धरली नाही. ती जावेला दिली, ओटी सोडली आणि सगळ्यांच्या भाकरी टाकायला घरी गेले.