पावाच्या पिशवीतला संगणक

आमच्या कंपनीचा हातात धरायचा संगणक मुद्दाम दणकट केलेला आहे. तो आपटावा, भिजावा, धुळीत लोळावा, यासाठीच आम्ही इंजिनियर पगार घेतो. डिचोलीच्या खाणीवर ट्रकांच्या खेपा नोंदवणाऱ्या काकांना मी त्याचा नमुना दिला आणि बजावलं, "बिनधास्त वापरा. कुठे मोडतो तेच आम्हाला बघायचंय."

काकांनी तो पावाच्या प्लास्टिक पिशवीत घातला, वर दोन रबरबँड चढवले आणि पिशवीवरूनच बोटं मारू लागले. दर आठवड्याला मी तक्रारी गोळा करायला जायची. "बरां आसा हां, बाय," एवढंच म्हणायचे. कँटीनच्या चहाबद्दल मात्र अर्धा तास बोलायचे. ग्राहकाचं ऐकून संशोधन करा, असं आमचे साहेब सांगतात. साहेबांना हा ग्राहक भेटलेला नाही.

एकदा गेले तर काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. उतारावर पाय घसरला, तेव्हा त्यांनी संगणक छातीशी धरला होता. कोपर मोडलं. संगणकावर ओरखडासुद्धा नाही.

"अहो, सोडायचा ना हातातून!" मी ओरडलेच.

"हात काय, बरो जातलो. ह्यां फुटलां असतां तर तुमची नोकरी?"

मग काकाच म्हणाले, "ह्याका गळ्यात घालूक पट्टो लावा. पडताना हात तरी मोकळे ऱ्हवतले."

इतक्या महिन्यांतली पहिली तक्रार! आम्ही पट्टा लावला. नवा नमुना काकांनी डाव्या हाताने लगेच गळ्यात घातला. पट्टा तेवढा पिशवीबाहेर होता.