नागपूर सोडून कुठलंही

मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक छोटा पांढरा बोर्ड चिकटवलेला आहे. त्यावर नवरा माझ्या तपासणीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखा लिहायचा. आठव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं, त्यानंतरही त्या तारखा तीन महिने तशाच होत्या. शेवटच्या दोन तर बाळ गेल्यावर येऊन गेल्या. मग जानेवारीत एका रविवारी सकाळी चहासाठी दूध काढायला गेले तर बोर्ड पुसलेला होता आणि त्यावर चार गावांची नावं एकाखाली एक लिहिली होती. नागपूर, जबलपूर, रायपूर, गोंदिया.

"हे काय?" मी विचारलं.

"कान्हाला जायचं तर विमानाने कुठे उतरायचं ते," तो म्हणाला. "जंगल मधोमध आहे. सगळीकडूनच लांब पडतं."

कुठेतरी जाऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं होतं. त्यांनी बहुधा महाबळेश्वर मनात धरलं असणार. नवऱ्याने मार्चअखेरीची कान्हाच्या मुक्की गेटची सफारी आणि तिथलीच राहायची जागा बुक केली होती. मला विचारलं होतं, मी बरं म्हटलं होतं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत असे.

तळवड्याला माझं ऑफिस. सहा आठवड्यांनी कामावर गेले. त्याआधी एचआरमधल्या मुलीचा फोन आला होता की माझी बाळंतपणाची रजा सिस्टीममध्ये दुसऱ्या प्रकारात टाकावी लागेल. "मॅडम, पर्याय ठरलेलेच आहेत," ती म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मी म्हटलं, "टाक गं, काही हरकत नाही." माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. त्या महिन्यांत मी फार चांगलं काम केलं. चुका दिसायच्या, लिहून काढायचे, पुढे जायचे. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणी जरा हळू बोलायच्या, तेवढाच काय तो फरक.

नवरा चाकणला, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत, डिस्पॅचला. कुठला ट्रक कुठल्या गेटने किती वाजता सुटला म्हणजे वेळेत पोचेल, हे तो दिवसभर बघतो. घरीही त्याने तेच चालवलं. गोंदियाला पुण्याहून थेट विमान नाही म्हणून ते पहिल्या दिवशीच खोडलं. जबलपूरहून मुक्कीचं गेट उलट्या अंगाला पडतं. रायपूरहून पाच तास, मध्ये घाट. नागपूरहून जरा जास्त, पण रस्ता सरळ, विमानं भरपूर. आणि नागपूरला माझी ताई.

खरं तर चार नावं लिहायची गरजच नव्हती. कुणालाही विचारलं असतं तर त्याने नागपूरच म्हटलं असतं. ताईकडे उतरायचं, एक दिवस राहायचं, तिथूनच गाडी करून जंगलात जायचं, येताना परत राहायचं. माझी आईही तेव्हा बार्शीहून तिच्याकडेच येऊन राहिली होती. ताईला नोव्हेंबरात मुलगा झाला होता. तिला आणि मला एकाच महिन्यात दिवस गेले होते. आईने दोघींसाठी एकसारखी दुपटी शिवायला घेतली होती, जुन्या मऊ नऊवारीची. माझं गेलं ऑक्टोबरात. ताईचं झालं त्या दिवशी नवऱ्याने मला सांगितलं, "सगळं नीट झालं." मी म्हटलं, "छान." आणि भांडी लावून घेतली.

नंतर माझ्या लक्षात आलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीच येत नाही. माहेरची माणसं, रोज उठून सुप्रभात पाठवणारी, आणि घरात नवं बाळ असताना एक फोटो नाही. मग मामेबहिणीने चुकून एक फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि मिनिटभरात काढून टाकला. तेव्हा कळलं, मला वगळून त्यांनी दुसरा ग्रुप केलाय. राग आला नाही. त्या मिनिटभरात मी फोटो बघून घेतला होता. लाल टोपडं, मिटलेले डोळे. कुठलंही बाळ असतं तसं बाळ.

नवरा बोर्डावर रोज काहीतरी लिहायचा, पुसायचा. नागपूरसमोर तो काही लिहीत नव्हता. जेवताना म्हणायचा, "रायपूरचा रस्ता आता बरा झालाय म्हणे." मी म्हणायचे, "हो का." एकदा त्याने विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तू बघ." त्याने मान हलवली. असे तीन आठवडे गेले.

फेब्रुवारीत सासूबाई आल्या. चाकणच्या पुढे आमचं गाव. जमीन बरीचशी कारखान्यांत गेली, थोडी राहिली, तिच्यावर त्या अजून कांदा करतात. एरवी त्या दोन दिवसांवर राहत नाहीत, फ्लॅटमध्ये त्यांना कोंडल्यासारखं होतं. या खेपेला आठवडाभर राहिल्या. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. नवरा कामावर होता.

"कुटं चाललाय म्हनं तुमी," त्या म्हणाल्या.

"मध्य प्रदेशात. जंगल बघायला."

"आन् नागपुरावरनं?"

"अजून ठरलं नाही. तिकडूनच सोयीचं आहे. ताई आहे ना तिथे."

सासूबाई मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नागपुराला जाऊ नगंस."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझं दुसरं गेलं तवाची गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "झालं आन् चौथ्या दिशी गेलं. त्याच महिन्यात जावंला पोरगा झाला. एकाच घरात आमी, मदी नुसती भित. त्यो रडाया लागला की मी उठून वावरात जायाची. लोकं म्हनाली, जळती. म्हनू दे. दोन वर्सं मी त्याला हातात घेतला न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, हे नंतर कळलं. तो स्वतःला एकुलताच समजत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आता त्योच मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो. त्याला काय म्हाईत." त्यांनी निवडलेली मेथी पाटीत सारली. "मला जायाला दुसरी जागा नव्हती. तुला हाय. आता इमानं काय कुटंबी जात्यात."

संध्याकाळी नवरा आला. चाकणचा ट्रॅफिक त्या दिवशी फार होता, उशीर झाला म्हणून तो सांगत होता. त्याचं बोलणं संपू दिलं आणि मग म्हटलं, "रायपूरचं काढ."

"नक्की?"

"हो. पाच तास काही जास्त नाहीत."

का, असं त्याने विचारलं नाही. पाय धुऊन आला आणि ओल्या हातानेच फोन घेऊन बसला. तिकिटं काढल्यावर बोर्ड पुसून टाकला.

आईला सांगायचं काम माझं होतं. मी फोनवर सांगितलं की नागपूरच्या विमानांच्या वेळा सफारीशी जुळत नाहीत. तिच्यामागे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं, मग ते लांब गेलं. कुणीतरी त्याला दुसऱ्या खोलीत नेलं असणार.

"मी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवले होते," आई म्हणाली. "म्हटलं, येशील तेव्हा नेशील."

"मला कशाला लाडू?"

"कंबर तुझीही बाळंतिणीचीच आहे," ती म्हणाली. "बाळ नसलं म्हणून काय झालं."

तिने ते कुरिअरने पाठवले. येईपर्यंत निम्म्यांचा भुगा झाला होता. मी रोज सकाळी ओट्याशी उभी राहून वाटीतून चमच्याने खायचे आणि ऑफिसची बस पकडायचे. चांगले झाले होते.

मार्चअखेरीस आम्ही निघालो. आळंदी, दिघी करत पहाटेच लोहगाव विमानतळावर पोचलो. रायपूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीवाला पन्नाशीचा, शांत माणूस होता, परतीच्या दिवशीही तोच येणार होता. मधला घाट लागला तेव्हा नवरा झोपला होता. मी खिडकीतून बघत होते. पळस फुललेला होता, डोंगरच्या डोंगर. सुंदर आहे हे मला समजत होतं. कुणी लिहून दिलेलं वाचावं तसं समजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सफारीत आम्हाला वाघ दिसला. लोकांना तीन-तीन दिवस दिसत नाही, आम्हाला पहिल्या तासात दिसला. जीपमधली गाइड मुलगी हळूच म्हणाली, "हिलना मत." वाघ साल वृक्षांतून रस्त्यावर आला, आमच्याकडे न बघता पलीकडे गेला. फार मोठा होता. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी बघत होते आणि मनात येत होतं की घरी गॅसचा कॉक बंद केलाय की नाही. केला होता. तरी तेच येत होतं.

दुपारी राहायच्या जागेच्या फाटकाशी थोडी रेंज मिळायची. तिथे उभी राहून मी ताईला फोन लावला. का लावला हे आजही सांगता येत नाही. वाघ दिसला एवढं सांगावं, असं असेल.

"दिसला?" ताई म्हणाली. "चला, बरं झालं."

मी म्हटलं, "ताई, विमानाच्या वेळांचं मी खोटं सांगितलं."

"माहितीये मला," ती म्हणाली. "नागपूर घेऊ नका असं मीच सांगितलं होतं तुझ्या नवऱ्याला. जानेवारीतच फोन केला होता. म्हटलं, ती येईल, हसेल, बाळाला घेईल, आणि परत जाऊन आजारी पडेल."

मी फाटकाची कडी वर-खाली करत राहिले.

"ऐकतेयस ना?"

"मला का नाही विचारलंस?"

"तू बरं म्हणाली असतीस," ताई म्हणाली. "तू हल्ली सगळ्यालाच बरं म्हणतेस."

मी फोन ठेवला. खोलीकडे जाताना माझे कान तापले होते. नवरा पलंगावर बसून बूट काढत होता. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं. मग तो बोर्ड, ती गावं, तीन आठवडे कशासाठी?"

तो म्हणाला, "ठरलं नव्हतं. ती सांगत होती म्हणून मी ठरवणार नव्हतो. तू म्हणेपर्यंत थांबायचं होतं."

"आणि मी नागपूर म्हटलं असतं तर?"

"तर नागपूर."

मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही. चिडले होते, चांगलीच. दोघांवर, ग्रुपवर, लाल टोपड्याचा फोटो काढून टाकणाऱ्या मामेबहिणीवर. पाच-सहा महिन्यांत मला असं काहीच झालं नव्हतं. संध्याकाळच्या सफारीला मी गेले नाही. पडून राहिले, भूक लागली, उठून दोन ताटं जेवले.

परतीच्या वाटेवर घाट उतरून झाल्यावर गाडीवाल्याने सहज विचारलं, "बच्चे कितने हैं, साहब?"

या प्रश्नाला आमचं एक ठरलेलं उत्तर होतं. अभी नहीं. मी तेच म्हणणार होते. तेवढ्यात नवरा पुढच्या सीटवरून म्हणाला, "एक लडकी थी."

मुलगी होती हे आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. दवाखान्यात नर्सने आम्हाला सांगितलं होतं, आणि त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशीही ते बोललो नव्हतो. गाडीवाल्याने आरशात एकदा माझ्याकडे बघितलं. "अच्छा," म्हणाला आणि गाण्याचा आवाज बारीक केला. नवऱ्याचे खांदे मला मागून दिसत होते. ते हलत होते. मी मागून हात पुढे करून त्याच्या मानेवर ठेवला. मला रडू आलं नाही. पण हात काढावासाही वाटला नाही, रायपूरच्या बाहेरची गर्दी लागेपर्यंत तो तिथेच होता.

विमानतळावर आम्ही फार लवकर पोचलो. दोन चहा घेतले आणि बसलो. त्याने विचारलं, "गावी आईला सांगू या का?" मी म्हटलं, "आधी त्यांचं त्यांना विचार." त्याला कळलं नाही. मग मी त्याला मेथी निवडताना ऐकलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. विमानाची घोषणा झाली तरी बसूनच राहिला, मला त्याला उठवावं लागलं.

नागपूरला मी गेले ते पुढच्या जानेवारीत, एकटीच. ताईने दार उघडलं, मी चपला काढल्या. भाचा चालत होता, भिंत धरून. त्याने मला ओळखलं नाही, ओळखायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवस राहिले. पहिल्या दिवशी त्याला उचललं नाही. दुसऱ्या दिवशी ताई आंघोळीला गेली असताना तो सोफ्यावरून घसरायला लागला, तेव्हा धरला. जड होता. ताई बाहेर आली, टॉवेलने केस पुसत आमच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "कुकर लावतेस का, मी तोवर याला भरवते." मी कुकर लावला.