सुमनच्या जागेवर

“‘नुसत्या’ कायले म्हनता?” हे काकांचं ठरलेलं वाक्य. रविवारी ते चर्चच्या दारात उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक सेवेकऱ्याला विचारायचे, “आज कोनती ड्युटी?” कुणी म्हणालं, “काही नाही काका, नुसत्या सतरंज्या टाकायच्या आहेत,” की त्यांच्या भुवया चढायच्या. “मंग लोक बसतीन कायच्यावर? तुमच्या भाषनावर?”

एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती, त्यामुळे देवाचं कामही त्यांच्या लेखी ड्युटीच. शेलूबाजारच्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत ते पंच होते, कामं वाटून देणारे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सुरुवातीला तो डोक्याला तापच वाटतो. मी शाळेत शिकवते आणि चर्चमध्ये गाणी घेते. माझं कुणी कौतुक केलं की काका मध्येच म्हणायचे, “गानं झ्याक झालं मॅडम. माइकची वायर ज्यानं जोडली, त्यालेबी सांगा.”

सुमन किन्हीराजाहून जीपने यायची. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परतायची. गावी असली की प्रभुभोजनाचे पेले धुणं तिच्याकडे. काचेचे बोटभर पेले ते. त्यांत द्राक्षरस घेऊन मंडळी प्रभूची आठवण करते.

एका वर्षी निघायच्या आधी ती काकांना म्हणाली, “काका, माह्या जाग्यावर दुसरी बाई पाहा. अर्धं वर्ष तं मी गावातच नसते. अन् भांडे काय, कोनीबी घासते. माह्यावाचून इथं काय अडते?”

ती नुसतं काम सोडत नव्हती, मंडळीच सोडून निघाली होती. हे मला कळलं, काकांना माझ्या आधी कळलं असावं.

“तुही जागा मी कोनाले देत नाही,” ते म्हणाले. “तू येईस्तोर बदलीवर मी.” एक कंडक्टर रजेवर गेला की त्याच्या जागी दुसरा जातो, तशी ही बदली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी पंच बाह्या वर सारून मोरीत बसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण खरी गंमत रविवारी झाली. पहिला घोट घेतला आणि लक्षात आलं, रसाला साबणाची चव आहे. आता प्रभुभोजन ते, थुंकणार कोण? सगळी मंडळी डोळे मिटून भक्तिभावाने साबण गिळत होती.

काका उठले. कान लालबुंद झालेले. “भाऊबहिनींनो, हे माहं काम. इतके वर्सं सुमन काय करून राह्यली होती, थे आज जिभेले समजलं.”

उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तिला फोन लावला. “सुमन, पेल्यातला साबन निंगत नाही व! पुरी मंडळी फसफसून राह्यली.”

पलीकडून हसू ऐकू आलं. मग भरल्या आवाजात ती म्हणाली, “गरम पान्यातून काढा, काका. मी आल्यावर पाह्यते.”

पाडव्यानंतर ती आली. तशीच पुढे दर वर्षी येत राहिली. ती नसली की काका बदलीवर, हे इतकं अंगवळणी पडलं की आम्ही हसणंही विसरलो. पण सतरंज्या टाकणारा आता सतरंज्या टाकतो असं ताठ मानेने सांगू लागला होता.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. सुमन तेव्हा उसाच्या फडात होती, तिला मातीला येता आलं नाही. स्मरणाची उपासना त्यांच्या मुलाच्या सोयीने पाडव्यानंतर ठेवली, म्हणून तेवढी तिला मिळाली.

काकांनी सांभाळलेली पदं एकाने सांगितली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं, “आणखी कुणी बोलणार?” मागच्या ओळीतून सुमन उठली. इतक्या वर्षांत चर्चमध्ये चार लोकांपुढे ती कधी बोलली नव्हती.

“मी नसली तरी काकानं माही जागा राखली,” ती म्हणाली. “म्हून मी आज इथं हाय. आता त्याइच्या बदलीवर मी जाईन. दारात उभी राहीन, जमन तसं करीन.” ती थांबली, पदराने तोंड पुसलं. “पन बदलीवाला तं मूळ मानूस येईस्तोरच असते ना? थे कवा येतीन?”

पाळकसाहेब चष्मा काढून पुसत बसले.