न दिसणारं बटण

सुमनताई संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून एकेक ओळ शोधत होत्या. आमच्या ऑफिसात त्या माझ्या जन्माआधीपासून घरांचे नकाशे काढतात. कोणाचं काम कुठवर आलं हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी ऑफिसच्याच सर्व्हरवर एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्यात कोणी नुसतं वाचायचं आणि कोणी लिहायचं, हे ठरवणारा ॲडमिनही मीच.

"अरे, काम नोंदवायचं बटण मला दिसतच नाही."

"नीट बघा ताई, सगळ्यांना दिसतं," मी मान वर न करता म्हणालो.

सोमवारच्या बैठकीत त्यांचा रकाना रिकामाच होता. "त्यांना आता नवीन काही जमणं कठीण आहे," मी साहेबांना सांगितलं. ताई समोरच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या परवानग्या तपासताना त्यांच्या नावापुढे 'फक्त वाचन' अशी खूण दिसली. ती मीच केली होती. माझे कान तापले. किल्ली आपल्या खिशात असली, की दाराबाहेर ताटकळणारा माणूस आपल्याला मठ्ठ वाटू लागतो.

मी खूण गुपचूप बदलली.

दुपारी ताई लगबगीने आल्या. "सापडलं रे बटण! माझंच लक्ष नव्हतं. उगाच त्रास दिला तुला."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण शेजारी साहेब उभे होते.

"असू दे, ताई," मी म्हणालो, आणि त्यांना माफ करून टाकलं.