कस्तुराबाईचा दाखला

कस्तुराबाईने तो दाखला लॅमिनेट करून घेतला होता, याचाच मला जास्त संताप आला. पदराने पुसून तिने तो चार ठिकाणी नोकरीसाठी दाखवला आणि चारही ठिकाणी "कळवतो" एवढंच ऐकून परत आली.

ती चामराजपेटेत आमच्या मागच्या गल्लीत राहते. एका इंग्रजी शाळेत एकोणीस वर्षं बालवर्गाची आया होती. मुलांची नाकं पुसली, चड्ड्या बदलल्या, रडणाऱ्यांना कडेवर घेऊन फिरली. यंदा शाळेने तिला काढलं आणि हातात हा इंग्रजी दाखला ठेवला.

"श्यामला अक्का, स्वल्प बघा की," ती तिच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली. "सर म्हणाले होते, तुझ्यासाठी मोठा शब्द घातलाय."

मी वाचलं. काम उत्तम, हजेरी उत्तम, परंतु स्वभावाने ट्रक्युलंट.

माझं डोकंच फिरलं. भांडायला टपलेला, अंगावर येणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. शब्दकोश एवढं सांगतो. तो कुणाला लावायचा, हे सांगत नाही. प्रिन्सिपल ओरडला तर तो शिस्तीचा. आया नुसती नाही म्हणाली की ट्रक्युलंट.

"तू केलंस तरी काय?"

"काय नाही अक्का. गुडघे धरतात माझे. आयांनी बसायचं नाही असा तिथला नियम. मी घरून स्टूल नेलं. सर म्हणाले उचल. नाही उचललं."

त्या दाखल्याखाली प्रिन्सिपल म्हणून प्रणीतची सही होती. हा माझाच विद्यार्थी. कठीण विशेषणांची यादी फळ्यावर मीच लिहून दिली होती, आणि या शब्दासाठी दिलेलं वाक्यही माझंच: नोकर ट्रक्युलंट होता. दुसरं कुणी मला सुचलंच नव्हतं. त्या चाचणीत प्रणीतला दहापैकी दहा दिले होते. आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाळेत गेले. प्रणीत उठून पाया पडला, कॉफी मागवायला लागला.

"कॉफी राहू दे," मी म्हटलं. "या शब्दाचा अर्थ हिला कन्नडमध्ये सांग. तिच्या तोंडाकडे बघून सांग."

सही करताना त्याचा हात अडखळला नव्हता, आता जीभ उचलेना.

"टीचर, दुसरा देतो," तो शेवटी पुटपुटला आणि दहा मिनिटांत नवा दाखला छापून आणला.

गेटबाहेर आल्यावर कस्तुराबाईने विचारलं, "आता काय लिहिलंय?"

"ओबीडियंट. म्हणजे सांगितलेलं मुकाट्याने ऐकणारी."

तिने तो कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"हा तुम्हीच ठेवा. हा दाखवला तर तिथंही उभंच राहायला लागेल."

"अगं, पण नोकरी?"

"उद्या के. आर. पुरमच्या पाळणाघरात बोलावलंय," ती जुना दाखला पिशवीत सारत म्हणाली. "आधी विचारते, बसायला स्टूल आहे का. 'सरी, बसा की' म्हणाले तर मग हा देते."